मामा करतात तरी काय?

त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. नोकरीला लागल्या तेव्हा त्या चौकशीच्या खिडकीत बसायच्या, म्हणून हे नाव पडलं, असं त्या स्वतः सांगत. बाकीचे सांगत की खिडकी सुटून बारा वर्षं झाली, चौकशी काही सुटली नाही. आता त्या विमानतळाच्या कंत्राट विभागात होत्या. विभाग म्हणजे त्या, एक लोखंडी कपाट आणि एक पंखा. पंखा दोनवर ठेवला की कागद उडायचे, एकवर ठेवला की तो नुसताच मान हलवायचा.

विमानतळही काही फार मोठा नव्हता. एक धावपट्टी, दोन दारं, सकाळी एक विमान, दुपारी एक. पण विमान लहान असलं म्हणून कायदा लहान होत नाही. सामान तपासायला रखवालदार होते, मात्र कुणाला अडवायचं, धरून ठेवायचं, तर तिथे पोलीसच लागतो. पोलिसाची सोय नसेल तर विमान सोडायचं नाही, असा नियमच. म्हणून दर तीन वर्षांनी विमानतळ आणि जवळचं पोलीस ठाणं ह्यांच्यात करार व्हायचा आणि ठाणं एक हवालदार पाठवायचं. गेली सहा वर्षं तो हवालदार म्हणजे मामा.

मामा दाराजवळच्या खुर्चीत बसत. खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला पुठ्ठा. डावा गुडघा दुखायचा म्हणून ते पाय लांब करून बसत, आणि खांद्यावरचं वायरलेस यंत्र दिवसभर खरखरत असे. ह्यापलीकडे मामा करतात काय, हा प्रश्न सहा वर्षांत कुणालाच पडला नव्हता. चौकशीबाईंनासुद्धा नाही. घ्या! जिला सगळ्या गावाची पंचाईत, तिला दारातला माणूस दिसू नये.

तो प्रश्न पडला तो नव्या नमुन्यामुळे. मुख्य कार्यालयाने ह्या वेळी कराराचा चांगला वीस पानी नमुना पाठवला. त्यात दोन पर्याय होते. पहिला नेहमीचा: पोलीस विमानतळावर हजर राहील. दुसरा नवा: पोलीस ठाण्यातच राहतील आणि बोलावलं की पंधरा मिनिटांत येतील. दुसरा पर्याय हवा असेल तर तीन चाचण्या घ्यायच्या आणि तिन्ही पंधरा मिनिटांच्या आत बसल्या पाहिजेत. पहिला हवा असेल तर सातव्या कलमात हवालदाराची कामं एकेक करून लिहायची. जुन्या करारात त्या जागी एकच ओळ होती, ‘हवालदार उपस्थित राहील.’

विमानतळाच्या मोठ्या साहेबांना दुसरा पर्याय फार आवडला. साहेब नवे होते आणि त्यांना रिकामी माणसं बघवत नसत.

“दिवसभर खुर्ची गरम करायला माणूस कशाला?” ते म्हणाले. “ठाण्याच्या इन्स्पेक्टरांनाही माणसं कमी पडतात. त्यांना त्यांचा हवालदार परत मिळेल, आपलं काम सुटसुटीत होईल. चाचण्या घ्या, बाई.”

चाचण्या झाल्या. तीन दिवस, तीन वेगवेगळ्या वेळा. चौकशीबाई आतल्या नियंत्रण कक्षात घड्याळ घेऊन बसायच्या, ठाण्याला फोन करायच्या, “विमानतळावर गरज आहे, लगेच या,” एवढंच सांगायच्या आणि घड्याळाच्या काट्यांकडे डोळे लावायच्या. जीपमधल्यांना ही चाचणी आहे हे सांगायचं नाही, असा नियम होता. पहिल्या दिवशी शिपाई धावत आत आले ते बाराव्या मिनिटाला. दुसऱ्या दिवशी अकराव्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाराव्या.

“झालं की!” साहेब म्हणाले. “शुक्रवारी पाचला इन्स्पेक्टर येतील, सही करू. पहिल्या पर्यायाचे रकानेही तेवढे भरून ठेवा. वरच्यांना दोन्ही लागतात, तुलनेला.”

म्हणजे सातवं कलम भरायचंच होतं, कुणी वाचो न वाचो. दुसरी कुणी असती तर चार ओळी खरडून मोकळी झाली असती. चौकशीबाई वही घेऊन मामांच्या खुर्चीपाशी गेल्या.

“मामा, तुम्ही इथे करता काय?”

मामा चपापून उठायला लागले. “का हो मॅडम? काही चुकलं का?”

“अहो बसा. लिहायचंय मला. दिवसभरात काय काय करता, ते सांगा.”

मामांनी बराच विचार केला. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “बसतो,” ते म्हणाले. “कधी उठतो.”

ह्या उत्तराने कलम भरेना. मग बाईंनी ठरवलं, सांगता येत नसेल तर बघूच. बुधवारी सकाळच्या विमानाच्या आधीपासून त्या मामांच्या मागे मागे फिरल्या. मामा इतके अवघडले की पहिला अर्धा तास नुसते ताठ उभे राहिले, लग्नाचा फोटो काढायला उभं केल्यासारखे. मग विसरले.

बाईंनी लिहायला सुरुवात केली. मामा प्रवाशांकडे फारसं बघत नाहीत, पोचवायला आलेल्यांकडे बघतात. का? “जाणाऱ्याचं लक्ष तिकिटावर असतं, मॅडम. भांडण, रडारड, जे काय असेल ते मागे राहणाऱ्याच्या तोंडावर दिसतं.” टॅक्सीवाल्यांची रांग दारापासून दहा पावलं मागे ठेवतात. एक बॅग बाकाखाली दिसली तर ती कुणाची हे आधी तिथल्या झाडूवालीला विचारतात, कारण तिला सगळं ठाऊक असतं. एका बापलेकांचं दारातच जुंपलं होतं. मामा तिथे गेले, काही बोलले नाहीत, नुसते मधे उभे राहून बुटाची नाडी बांधत बसले. नाडी बांधून होईतो दोघांचा आवाज खाली आला होता.

एक आजीबाई आल्या. पहिलाच विमानप्रवास. थेट मामांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “काय हो, वर गेल्यावर कान दुखतात म्हणे?”

“गोळी चघळा, आजी,” मामा म्हणाले आणि खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली. खिसा भरलेला होता.

दुपारचं विमान गेल्यावर बाईंनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, “ठाण्यात परत जायचं म्हणजे बरंच असेल ना? घर जवळ पडेल.”

मामांनी कप खाली ठेवला. “निवृत्तीला दहा महिने राहिलेत माझे. परत गेलो तर कोठडीबाहेर बसवतील, दुसरं काय. गुडघा असा.” मग एकदम म्हणाले, “मॅडम, तीस वर्षं लोक मला बघून रस्ता बदलत होते. आया पोरांना सांगायच्या, जेव, नाहीतर पोलीस येईल. इथे कुणी माझ्याकडे बघून पळत नाही. उलट येऊन विचारतात. हे दहा महिने इथेच जावेत, एवढीच इच्छा होती. पण चाचण्या पास झाल्या ना. असू दे.”

चौकशीबाईंनी वही मिटली. चाचण्यांचं घड्याळ त्यांच्याच हातात होतं की. पण आकडा तो आकडा, त्याला काय करणार? त्या उठल्या तेव्हा त्यांचं लक्ष मामांच्या बुटांकडे गेलं. बूट आरशासारखे लख्ख. आणि एकदम आठवलं की चाचण्यांच्या तिन्ही दिवशी हेच बूट घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. तिसऱ्या दिवशी तर मामा धापा टाकत आत आले होते आणि त्यांनी स्वतः विचारलं होतं, “मामा, ही धूळ कुठली?” मामा म्हणाले होते, “अशीच.”

अशीच? विमानतळाच्या फरशीवर पांढरी धूळ अशीच येते होय?

गुरुवारी सकाळी बाई धूळ शोधायला निघाल्या. लांब जावं लागलंच नाही. विमानतळाला यायला एकच रस्ता. फाटकाबाहेर दोनशे पावलांवर वळण, आणि वळणावर सिमेंटचं कोठार. कोठाराच्या गाड्या आपला नंबर लागेपर्यंत अर्ध्या रस्त्यात उभ्या, चालक समोरच्या टपरीवर चहा पीत. सगळीकडे पांढरी भुकटी.

“येणाऱ्या-जाणाऱ्यांची अडचण होत नाही का हो?” बाईंनी एका चालकाला विचारलं.

“होते की. हॉर्न मारतात. मग आम्ही चहा संपवतो आणि हलवतो,” तो म्हणाला. “पोलिसांची गाडी असली तर गोष्ट वेगळी. मामा शिट्टी फुंकत येतात लंगडत लंगडत, शिव्या देत नाहीत, पण असे बघतात की चहा घशाखाली उतरत नाही. मागच्या आठवड्यात तीनदा आले. ते नसते तर तुमची जीप अजून आमच्या मागेच उभी असती.”

बाईंनी कपाळावर हात मारला. परत येताना त्यांनी सामानाच्या गाड्यांचं मोठं फाटकही ढकलून पाहिलं, कारण जीप तिथूनच आत येते. फाटक हलेना. झाडूवाली लांबून ओरडली, “कडी वर उचलून ढकलावी लागते, बाई! मामांनाच जमतं ते.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हवालदार नसला तर चालेल का, ह्याची चाचणी त्यांनी हवालदार असताना घेतली होती! मामांच्या खांद्यावरच्या यंत्रावर ठाण्याचा निरोप वाजायचा, मामा उठायचे, वळणावर रस्ता मोकळा करायचे, धावत येऊन कडी उचलायचे, आणि जीप अकराव्या-बाराव्या मिनिटाला दारात. आणि आपण आत बसून उंटावरून शेळ्या हाकतोय, घड्याळ बघतोय.

मामांना जाब विचारला तर ते गोंधळले. “गाडी येतेय म्हटल्यावर रस्ता नको मोकळा करायला?”

“अहो पण तुमचीच जागा जात होती ना त्यात!”

“ते खरं,” मामा म्हणाले. जणू ते त्यांच्या आत्ताच लक्षात आलं होतं.

संध्याकाळी घरी भाजी निवडताना बाईंनी सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी मेथीची जुडी आपटून माती झाडली. “त्यात काय एवढं नवल? मी गेल्या वर्षी आठ दिवस लेकीकडे गेले होते, तेव्हा कळलं ना तुम्हाला, घरातले दिवे कोण मालवतं, टाकीचा नळ कोण बंद करतं? तोवर तुझा नवरा म्हणत होता, आई काय, बसलेलीच असते. माणूस काय करतो ते तो नसताना बघावं.”

शुक्रवारी सकाळी चौकशीबाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. आणखी एक चाचणी हवी, म्हणाल्या, आणि त्या वेळात मामा जागेवरून हलणार नाहीत. साहेबांना ते मुळीच पटलं नाही. पण बाईंनी हेही सांगितलं की पहिल्या तीन चाचण्यांवर सही त्यांची आहे, आणि जे कळलंय ते लिहिल्याशिवाय त्या ती सही ठेवणार नाहीत. साहेबांनी सुस्कारा सोडला. “एकच. आणि पंधराच्या आत आली तर विषय संपला. पुन्हा नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

सकाळचं विमान गेल्यावर त्यांनी मामांना कॅन्टीनमध्ये खिडकीपाशी बसवलं, पुढे चहा ठेवला. “आज काहीही झालं तरी उठायचं नाही. साहेबांचा हुकूम आहे. कळलं ना?” मामांनी मान हलवली. बाईंनी फोन केला, तेच वाक्य बोलल्या, आणि घड्याळ घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसल्या. साहेब दारात.

मामांच्या खांद्यावर यंत्र खरखरलं. मामा अर्धे उठले.

“बसा,” बाई म्हणाल्या.

पाच मिनिटं गेली. मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. सात मिनिटं. चहावर साय धरली. नवव्या मिनिटाला लांबून सायरन ऐकू आला आणि तिथेच अडला. वळणावर. खिडकीतून सिमेंटच्या गाड्यांच्या टपावरून लाल दिवा फिरताना दिसत होता, पुढे सरकत नव्हता.

“अडकली,” मामा म्हणाले.

“अडकू दे.”

“मॅडम, एक मिनिट जाऊन येतो.”

“मामा, गप बसा! तुमच्याच भल्यासाठी चाललंय हे.” बाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. आणखी पाच मिनिटं ही जीप तिथेच राहिली की मामांचे दहा महिने पक्के. देवा, त्या चालकाचा चहा संपू देऊ नकोस, असंसुद्धा त्या मनात म्हणाल्या.

“ही चाचणी आहे हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. “गाडीतल्या पोरांना नाही ना ठाऊक! त्यांना वाटतंय इथे कुणाच्या जिवावर बेतलंय. मी बसलोय तशा जीपमध्ये बरेचदा. रस्ता मिळत नाही तेव्हा काय होतं ते मला विचारा.”

अकरावं मिनिट लागलं आणि मामा गेले. खुर्ची आडवी झाली, चहा सांडला. बाई “अहो मामा! अहो!” करेपर्यंत मामा लंगडत, शिट्टी तोंडात, फाटकापर्यंत पोचलेसुद्धा. दुखरा गुडघा घेऊन माणूस असा पळू शकतो हे बाईंना त्या दिवशी कळलं. शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. गाड्यांची धुरांडी भकभकली. लाल दिवा हलला.

जीप दारात आली तेव्हा घड्याळात चौदा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

“पास,” साहेब म्हणाले. त्यांनाही ते म्हणताना फार आनंद झाला असं दिसलं नाही, पण म्हणाले.

चौकशीबाईंना रडूच यायचं बाकी होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच. चौथी चाचणी मागून त्यांनी मामांच्या शेवटच्या आशेवरही स्वतःच्या हाताने पाणी फिरवलं होतं.

जीपमधून दोन शिपाई उतरले आणि त्यांच्यामागून स्वतः इन्स्पेक्टर. ठाण्यात माणसं कमी म्हणून तेच निघाले होते. घामाने डबडबलेले. “काय झालंय? कुठे आहे? कुणाला लागलंय का?”

“काही नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “चौथी चाचणी होती.”

इन्स्पेक्टर भिंतीला टेकले. “चाचणी! अहो, मी तिथे त्या गाड्यांमागे जीपमधून उतरलो होतो. पळत यायला निघालो होतो. म्हटलं, माणसं मरतायत आणि आपण सिमेंटमागे उभे!” मग त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, “आणि आमचा हवालदार तिथे रस्त्यात काय करत होता?”

“हाच प्रश्न आहे, साहेब,” चौकशीबाई म्हणाल्या. “ह्याचंच उत्तर मला सातव्या कलमात लिहायचंय.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. वळण, कडी, तीन दिवसांची धूळ, कॅन्टीनमधली आडवी खुर्ची.

विमानतळाचे साहेब खाकरले. “पण आकडा पंधराच्या आतच आहे. नियमाप्रमाणे...”

“पंधराच्या आत मी आलो नाही हो,” इन्स्पेक्टर म्हणाले. “मला आणलं.”

इन्स्पेक्टरांनी बाईंच्या समोरची खुर्ची ओढली. “मला माणसं कमी आहेत, ते खरंच आहे. पण हा माणूस उचलला तर आहेत तीही वेळेवर पोचायची नाहीत. लिहा बाई, मी सांगतो तसं. पहिला पर्याय.” साहेबांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि स्वतःचं पेन काढून बाईंपुढे ठेवलं.

सातवं कलम पावणेदोन पानांचं झालं. सह्यांसाठी पाच वाजेपर्यंत थांबावंही लागलं नाही.

मामा तेव्हा फाटकापाशी होते, रुमालाने बूट पुसत. बाई कागद घेऊन गेल्या. मामांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं, बोट फिरवत, मधेच मागे जाऊन.

“एवढं मी करतो?”

“करता.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. “ह्याची एक प्रत मिळेल का मॅडम? हिला दाखवीन. तीस वर्षं विचारतेय, तुम्ही दिवसभर करता तरी काय.”

“दोन देते,” बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. “पण मामा, एक सांगा. पळालात तेव्हा वाटलं नाही, जागा जाईल म्हणून?”

“वाटलं ना,” मामा म्हणाले. “कॅन्टीनच्या दारात वाटलं. तोवर उठलो होतो.” मग कागद नीट घडी करून खिशात, गोळ्यांच्या शेजारी ठेवता ठेवता म्हणाले, “मॅडम, ही कडी तेवढी दुरुस्त करून घ्या. आणि वळणावर गाड्या उभ्या करू नका अशी पाटी लावून घ्या. दहा महिन्यांनी मी नसेन.”

बाईंनी वही काढून ते लिहून घेतलं. पाटी दुसऱ्या आठवड्यात लागली, कडी त्याच्या आधीच दुरुस्त झाली. आता फाटक एका बोटाने उघडतं. मामा मात्र अजूनही कडी वर उचलूनच ते ढकलतात.